गंजीवालीचं उत्तर

डोंगरावरचं केंद्र
६ मे

मुंगे,

आशीर्वाद घे, आणि हे वाचून होईपर्यंत हातातलं फावडं खाली ठेव.

काल वर पोचले. जीपवाल्याने सामान दारात उतरवलं, गंजलेलं कुलूप उघडून दिलं, आणि "बाई, यंदा तरी कोणाला तरी सोबतीला घ्यायचं होतं" हे दर वर्षीचं वाक्य म्हणून तो खाली गेला. मीही दर वर्षीचंच उत्तर दिलं, सोबत आहे, दगडांत राहते. खोली झाडली, स्टोव्ह पेटवला, खिडकीच्या फटीत कागद कोंबला. मग चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर समोर बर्फच नाही.

या दिवसांत इथे गुडघाभर बर्फ असायचा. लहानपणी तू आली होतीस तेव्हा याच उतारावर तुझा पाय रुतला होता, आणि तुझ्या बापाने तुला बूट तिथेच ठेवून उपटून काढलं होतं. त्या जागी आज गवत आहे. तेही इथलं नाही, खालच्या कुरणातलं. बिनबोलावता वर आलं आहे आणि पाय पसरून बसलं आहे.

सभांमधून मला लोक विचारायचे, बाई, हवामान बदलतंय म्हणजे नक्की काय होतंय? मला तो 'बदल' शब्दच पुचाट वाटतो. पडदे बदलतात, भाडेकरू बदलतात. ही हकालपट्टी आहे! थंडीत जगणाऱ्या जिवाला ऊन खालून ढकलतंय. तो वर सरकतो, आणखी वर सरकतो, आणि एक दिवस डोंगरच संपतो. त्याच्या वर फक्त आभाळ, आणि आभाळात चरायला काही उगवत नाही.

गंजीवाली तुला ठाऊक आहे, पण तू हे पत्र तुझ्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवणार, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. पुस्तकात तिचं भारदस्त नाव आहे, इथे आम्ही गंजीवालीच म्हणतो. मुठीएवढी, गोल कानांची, शेपटी नावालाही नाही, सशाची धाकटी चुलत बहीण शोभेल अशी. उन्हाळाभर गवत आणि फुलं तोंडात धरून आणते, दगडाखाली वाळवते, गंजी रचते. हिवाळ्यात झोपत नाही, बर्फाच्या रजईखाली बसून ती गंजी खाते. ऊन वाढलं की तिचा जीव जातो. बर्फ पातळ पडला की रजई गेली, मग थंडीनेही जातो. दोन्हीकडून कोंडली आहे तिला.

मोजायची रीत तीच. पहाटे ठरलेल्या दगडावर उभं राहायचं, तिच्यासारखी शीळ घालायची, आणि श्वास रोखून थांबायचं. जिथून उत्तर येईल ती जागा भरलेली.

खात्याच्या साहेबांनी यंदा लेखी कळवलं आहे. हंगामात गंजीवालीचं उत्तर मिळालं तर केंद्र चालू, नाही तर कुलूप. "जो प्राणीच नाही त्याच्यासाठी केंद्र कशाला?" असं मी खाली असताना फोनवर म्हणालेही. मी म्हटलं, साहेब, नाडी लागेना म्हणून वैद्यालाच हाकलताय की.

आज पहाटे शीळ घातली. उत्तर नाही.

हिवाळ्यात पुढचा दात पडला, त्यामुळे शीळ घालताना शेवटी हवा निसटते. फुस्स. तुझा बाप असता तर लोळून लोळून हसला असता. तो नाही, तेव्हा तू हस.

तुझी
आत्या


किनाऱ्यावरचं कासव केंद्र
२१ मे

आत्या,

नमस्कार. वाकून केला असं समज. खरं तर वाळू उपसून कंबर धरली आहे, वाकले तर परत उभी राहणार नाही.

ते फुस्स वाचून हसले. एकटीच, मोठ्याने. मग खोलीत तो आवाज इतका परका वाटला की गप्प झाले. बाबा गेल्यापासून या भिंतींनी माझं हसणं ऐकलं नव्हतं बहुतेक.

तू इथे कधी आली नाहीस, म्हणून सांगते. कासविणी किनाऱ्यावर येऊन अंडी घालून जातात. आम्ही सकाळी ती उचलून कुंपणाच्या आत पुरतो, म्हणजे कुत्री खात नाहीत. आता भीती कुत्र्यांची राहिली नाही. पिल्लू मुलगा होणार की मुलगी, हे त्यांच्यात वाळू ठरवते. वाळू गार असेल तर मुलगे, तापली तर मुली, फारच तापली तर अंडं आतल्या आत शिजतं. जिवंत पिल्लाकडे बघून काही कळत नाही. जी बाहेर पडता पडता मरतात, ती डॉक्टरीणबाई टेबलावर उघडतात आणि भिंगाखाली बघतात. यंदा बघितल्या त्या सगळ्या मुली.

बाई म्हणाल्या, "मुंगे, एवढ्या मुली समुद्रात सोडतोय आपण. यांना पुढे भेटणार कोण?"

मी म्हटलं, "बाई, हे तर मलाही अजून कोणी सांगितलेलं नाही."

दोघी हसलो. पण संध्याकाळी ती पिल्लं पाण्याकडे धावत सुटली, तेव्हा माझ्याच्याने टाळ्या वाजवल्या गेल्या नाहीत. बघायला आलेल्या शाळेतल्या मुलांनी वाजवल्या.

आमचा पाणबुड्या खाली जाऊन प्रवाळ बघून येतो. पूर्वी वर आला की रंगांचं वर्णन करून डोकं खायचा, चहा गार व्हायचा पण याचा निळा रंग संपायचा नाही. आता वर येतो, चष्मा काढतो, "पांढरं" म्हणतो आणि टॉवेल शोधतो.

आत्या, एक मागू? यंदा खाली उतरलीस की परत वर जाऊ नकोस. इथे ये. खोली लहान आहे, खिडकीतून खारं वारं येतं, लोखंडाची प्रत्येक वस्तू गंजते, पण दोघींना पुरेल. आपल्या घरात आता तू आणि मी, एवढ्याच उरलो. आणि दोघी डोंगर-समुद्र वाटून घेऊन बसलो आहोत.

तुझी
मुंगी


डोंगरावरचं केंद्र
९ जून

मुंगे, मुंगे, मुंगे!

उत्तर आलं!

आज पहाटे. धुकं होतं, हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. शीळ घातली आणि नेहमीप्रमाणे थांबले. हल्ली मी नुसती थांबत नाही, मनातल्या मनात साहेबांशी भांडतही असते. तर ऐन भांडणात समोरच्या दगडांतून उत्तर आलं. मी इतकी दचकले की खालीच बसले, आणि ओल्या परकरानिशी बसूनच परत शीळ घातली. परत उत्तर! मला रडू आलं. कोणी बघत नव्हतं, म्हणून पोटभर रडून घेतलं.

तुझं मागणं वाचलं. खाली कशाला येऊ सांग? ती शीळ घालते आहे तोवर मी इथून हलणार नाही, हे लिहून ठेव. तिला कोणी विचारलं का, की बाई, तुझा डोंगर तापवू का? कारखान्याला विचारलं, गाडीवाल्याला विचारलं, विमानवाल्याला विचारलं. तिच्या वतीने 'नको' म्हणायला एक म्हातारी उभी आहे, तीही उठून समुद्रावर हवा खायला गेली, तर मग झालंच!

बाकी इथे सगळ्यांचं घड्याळ चुकलं आहे. जांभळी फुलं कधीच उमलून झडली. भुंगे त्यांच्या नेहमीच्या वेळेला बाहेर आले आणि पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे रिकाम्या देठांवरून फिरताहेत. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

आणि एक आगंतुक. खालच्या गावातली साळुंकी इथवर चढून आली आहे. या उंचीवर साळुंकी मी जन्मात पाहिली नव्हती. एकटीच आहे. चाल अशी, की घरपट्टी हीच भरते. खिडकीतून आत येते, पाव पळवते, आणि वर मलाच रागावते. खरं तर हिला बघून मला धडकी भरायला हवी, पण सकाळी चहाला कोणीतरी समोर असतं म्हणून हाकलवत नाही.

साहेबांना कळवलं. बघू आता काय म्हणतात.

आनंदात असलेली
आत्या


कासव केंद्र
२७ जून

आत्या,

तुझं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं, पाणबुड्याला दाखवलं, आणि तिसरं कोणी नव्हतं म्हणून परत बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्याला सांग, ओला परकर बदलत जा." पाणबुड्याने पहिल्यांदाच 'पांढरं' सोडून दुसरा शब्द उच्चारला. म्हणाला, "वा."

इथे उलटी गत आहे. कुंपणाच्या उन्हाकडच्या बाजूची सगळी घरटी गेली. अंडी उघडली तर आत पिल्लं तयार होती, अगदी पाठीवरच्या कवचासकट, पण शिजलेली. बाईंनी हातमोजे काढले आणि गाडीत जाऊन बसल्या. आम्ही आता उरलेल्या वाळूवर जाळीचं छप्पर बांधतोय. समुद्राचं पाणी घालून चालत नाही, म्हणून विहिरीवरून गोड्या पाण्याच्या बादल्या वाहतोय.

तुझं नाव घेऊन एक खुळा विचार करते. तुझ्या डोंगरावर अजून एक जीव उत्तर देतो, तर माझ्या वाळूतही एखादा मुलगा असेल.

गंजी दिसली का गं? तू म्हणायचीस, आवाज हवेत विरतो, गंजी खोटं बोलत नाही. आणि मला तो आवाज ऐकायचाय. वर रेंज नसते हे ठाऊक आहे, पण फोनवर टिपून मेमरी कार्ड जीपवाल्याबरोबर पाठव ना. इथे संध्याकाळी लाटांशिवाय काही ऐकू येत नाही, आणि लाटा कोणाशीच बोलत नाहीत.

मुंगी


डोंगरावरचं केंद्र
३० जुलै

मुंगे,

कार्ड पाठवते आहे, पाकिटात कोपऱ्याला चिकटवलंय, पाकीट फाडताना हरवू नकोस. आधी माझी शीळ आहे, मग तिची. धुक्यातच टिपलं. माझा बेसूरपणा सोड, तिचं ऐक.

गंजी अजून दिसली नाही. गवत यंदा लवकर वाळलं, त्यामुळे तिने रचायला उशीर केला असेल, किंवा खोल कपारीत रचली असेल. मी फार शोधलं नाही. मोठ्या दगडांवर चढून कपारी बघायला आता पूर्वीसारखं जमत नाही म्हणण्यापेक्षा, त्रास कशाला द्यायचा तिला?

आता बातमी. साहेबांनी केंद्र चालू ठेवलं! एवढंच नाही, मी हिवाळ्यात इथेच राहायची परवानगी मागितली होती, तीही दिली. आजवर कोणी इथे हिवाळा काढला नाही. पण बर्फाची रजई पातळ झाली, तर ती त्याखाली तगते की गारठून जाते, हे त्याशिवाय कळणार कसं? मला ते बघायचं आहे आणि जगाला ओरडून सांगायचं आहे. तिने हिवाळा काढला तर मी खालच्या सगळ्यांची तोंडं बंद करीन, आणि नाही काढला तर उघडीन. सप्टेंबरअखेरीस जीपवाला हिवाळ्याचं सामान आणेल. एकदा रस्ता बंद झाला की वसंतापर्यंत मी आणि ती. पत्रंही बंद होतील. रुसू नकोस.

तुझ्या शिजलेल्या पिल्लांचं वाचलं. छप्पर बांधते आहेस ते उत्तम. बादल्या वाहते आहेस तेही. कोणी हसलं तर हसू दे.

आत्या

ता. क. ताई, मी जीपवाला. पाकीट बंद करायला बाईंनी माझ्याकडे दिलं म्हणून लिहितो. बाईंना चढताना फार दम लागतो. मधे मधे बसतात आणि मला फुलं बघतेय म्हणून सांगतात. जिथे बसतात तिथे फुलं नसतात. मी सांगितलं असं सांगू नका, मला फार बोलतील.


कासव केंद्र
१२ ऑगस्ट

आत्या,

कार्ड मिळालं. ऐकलं.

इथे बरं आहे. छप्पर झालं. वाऱ्याने एकदा उडालं, परत बांधलं. बाई बऱ्या आहेत.

एक विचारू? तू शीळ घातली नाहीस, तर ती आपणहून बोलते का? आणि फक्त तू उभी असतेस त्या दगडाजवळच बोलते, की पलीकडच्या उतारावरही?

तब्येत सांभाळ. चढताना घाई करू नकोस.

मुंगी


डोंगरावरचं केंद्र
२ सप्टेंबर

मुंगे,

हे काय पत्र आहे? 'बाई बऱ्या आहेत'? बँकेचं पत्रसुद्धा यापेक्षा मायेने लिहिलेलं असतं. ज्या आवाजासाठी तू हट्ट धरलास तो मी कुडकुडत टिपून पाठवला, आणि त्यावर तीन शब्द: 'कार्ड मिळालं. ऐकलं.'

तू लहानपणापासून अशीच. काही मोडलंस की अभ्यासाला बसायचीस, म्हणजे घरात सगळ्यांना कळायचं.

प्रश्नाचं उत्तर: ती मी असेन तिथेच बोलते. परवा तर केंद्राच्या अगदी मागच्या दगडांतून बोलली. माणसाळली आहे. इतकी वर्षं एकाच बाईचं तोंड बघितल्यावर कोणीही माणसाळेल.

काय मोडलं आहेस ते सरळ लिही.

आत्या


कासव केंद्र
१४ सप्टेंबर

आत्या,

सरळ लिहिते. तू बसून वाच.

ते रेकॉर्डिंग मी पहिल्यांदा जेवताना लावलं. तुझी शीळ ऐकून घास हातातच राहिला, इतकी तू जवळ बसल्यासारखी वाटलीस. तुझ्या शिळीच्या शेवटी ते फुस्स आहे. मग शांतता. मग उत्तर आलं.

आत्या, त्या उत्तराच्या शेवटीही फुस्स आहे.

मी परत लावलं. कानाला लावून, उशीखाली डोकं घालून, बाहेर वाळूवर जाऊन, सगळ्या तऱ्हांनी ऐकलं. दर वेळी आहे. गंजीवालीचे दात शाबूत असतात गं. आणि उत्तर संपल्यावर, अगदी हळू, पंख झाडल्याचा आवाज आहे. ती साळुंकी आहे. ती नकला करते. खाली गावात ती दारावरच्या घंटेची करते, गाडीच्या भोंग्याची करते. वर तिला ऐकायला तूच एक होतीस.

महिनाभर मी हे तुला लिहिलं नाही. रोज ठरवायचे आणि रोज बादल्या उचलायचे. वाटायचं, तुझ्या पहाटा तुझ्याकडून काढून घेणारी मी कोण? कोणीतरी उत्तर देतंय, या एवढ्या आधारावर तू तिथे उभी आहेस. आणि खोटं कशाला बोलू, त्या आधारावर इथे मीही उभी होते. पण आता तू हिवाळाभर तिथे कोंडून घेणार आहेस. जिच्यासाठी थांबते आहेस ती तिथे नसेल, तर तू कोणासाठी थांबणार? आणि तुला काही झालं तर हाक ऐकायला त्या पक्ष्याशिवाय कोण असेल? तो तुझ्या हाकेचीही नक्कल करील.

एका सभेत तू बोलत होतीस आणि मी बाबांच्या मांडीवर बसले होते. तू म्हणाली होतीस, "जे मेलं त्याला मेलं म्हणा. त्याशिवाय जे जिवंत आहे त्याच्यासाठी कोणी उठणार नाही." मला तेव्हा काही कळलं नव्हतं. सगळे उठून टाळ्या वाजवत होते म्हणून मीही उठले होते.

माझं चुकत असेल तर मला वाट्टेल ते बोल. माझं चुकत असू दे.

मुंगी


डोंगरावरचं केंद्र
२९ सप्टेंबर

मुंगीस,

पत्र मिळालं. जीपवाला आज हिवाळ्याचं सामान घेऊन आला. उतरवून घेतलं आहे.

आत्या


कासव केंद्र
१० ऑक्टोबर

आत्या,

रागव, पण लिही.

जीपवाल्याला फोन केला होता. म्हणाला, "बाई सामान घेतल्यावर काही बोलल्या नाहीत. चहासुद्धा दिला नाही. माझ्यासमोर एवढ्या गप्प त्या कधीच नव्हत्या ताई, मला वाटलं माझंच काही चुकलं." रस्ता कधी बंद होतो, विचारलं. म्हणाला, "पूर्वी एव्हाना झालेला असायचा." जन्मात पहिल्यांदा मला बर्फ उशिरा पडतोय याचा आनंद झाला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

तुला एक सांगायचं आहे, आणि दुसरं कोणी नाही ज्याला सांगावं. जाळीच्या छपराखाली नंतर पुरलेल्या अंड्यांची पिल्लं निघाली. काही मेलेली होती, ती बाईंनी भिंगाखाली बघितली. भिंग पुसलं, परत बघितलं. मग म्हणाल्या, "ये, तूच बघ."

मुलगा होता.

मेला होता म्हणून कळलं. पण मुलगा होता.

मुंगी


खालचं गाव, बसथांब्यावरचं विश्रामगृह
२४ ऑक्टोबर

मुंगे,

पत्ता बघितलास ना? उतरले.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी तुझ्यावर इतकी चिडले की स्टोव्हवर दूध उतू गेलं तरी उठले नाही. म्हटलं, कालची पोर समुद्रकाठी बसून मला डोंगर शिकवते! तुला खोटं पाडायचं म्हणूनच दुसऱ्या दिवशी पहाटे दगडावर जाऊन उभी राहिले आणि शीळ घातलीच नाही. नुसती उभी. धुकं नव्हतं. बराच वेळ काहीच नाही. मग शीळ आली. मागून. वळले, तर केंद्राच्या पत्र्यावर साळुंकी. मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. परत घातली. शेवटचं फुस्ससुद्धा इतकं नेमकं, की माझी जीभ आपोआप पडलेल्या दाताच्या जागी गेली.

तिच्यावर राग नाही धरवला. तिलाही या डोंगरावर दुसरं कोणी नव्हतं बोलायला.

मग दगड पालथे घातले. दम लागत होता, बसत होते, परत उठत होते. जीपवाल्याने तुला कळवलं आहे हे मला ठाऊक आहे. 'चढताना घाई करू नकोस' असं तू उगाच लिहिलं नव्हतंस. कपारीत गंजी सापडली. गेल्या वर्षीची. जांभळी फुलं होती तिच्यात, अजून रंग धरून होती. अर्धीच खाल्लेली, मुंगे. अर्धी तशीच नीट रचलेली. घरात धान्य भरलेलं आणि खाणारं गेलेलं. गेल्या हिवाळ्यातच केव्हातरी, रजई नव्हती तेव्हा. मे महिन्यात कुलूप उघडलं तेव्हाच इथे कोणी नव्हतं.

हे मला जूनमध्येही सापडलं असतं. मी शोधायला गेले नाही, कारण उत्तर येत होतं.

साहेबांना कळवलं, हंगामातली माझी सगळी नोंद खोडा, उत्तर एकही नाही. खाली उतरल्यावर फोनवर बोलले तर ते मवाळ झाले. म्हणाले, "बाई, 'आढळली नाही' असं लिहू या." मी म्हटलं, नाही साहेब! 'आढळली नाही' म्हणजे जणू ती फिरायला गेली आहे आणि आम्हीच शोधण्यात कमी पडलो. लिहा, या डोंगरावरची गंजीवाली संपली. लिहा, की तिला रोगाने मारलं नाही, लांडग्याने मारलं नाही, आम्ही खाली सोडलेल्या धुराने तिच्या अंगावरची रजई ओढली. हे वाक्य छापणार नसाल तर मी चौकाचौकात उभी राहून म्हणेन, दात नसला तरी! मग म्हणाले, "लिहितो." केंद्राला कुलूप लागलं. चावी मीच दिली.

तुझ्या मुलाबद्दल वाचलं. पत्र हातात घेऊन जीपवाल्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो बिचारा रस्ता सोडून माझ्याकडेच बघायला लागला. अगं, मेलेला एक सापडला म्हणजे त्याच वाळूतून जिवंत किती तरी गेले असतील. ते कळणार नाही, कळू नयेच, जिवंत असण्याची खूण तीच. छप्पर वाढव. सगळ्या किनाऱ्यावर घाल. हसणाऱ्यांना माझ्याकडे पाठव. मला बादल्या उचलता येणार नाहीत, पण बादल्या उचलणाऱ्यांसाठी मी अजून भांडू शकते. रविवारच्या गाडीने निघते.

निघताना ती पत्र्यावरच होती. जीप सुरू झाली आणि तिने शीळ घातली. जीपवाला म्हणाला, "बाई, बोलावतेय तुम्हाला. द्या की उत्तर." तोंडाशी आलं होतं. दिलं नाही. मी उत्तर देत राहिले तर ती घालत राहील, आणि पुढे कधी कोणी ऐकणारा आला तर तोही माझ्यासारखा फसेल, लिहून ठेवील, की आहे, अजून आहे. वळण येईपर्यंत ती घालत होती. मी पदर तोंडावर दाबून धरला होता.

इथे दुपार आहे. खोलीखाली चहाची टपरी आहे, माणसं मोठमोठ्याने बोलताहेत. विजेच्या तारेवर ओळीने साळुंक्या बसल्या आहेत. मी मघापासून खिडकी उघडी टाकून ऐकते आहे. त्यातल्या एकीलाही ती शीळ येत नाही.

आत्या